कलम ५ आणि पिंपरीची बुरशी : भारतीय औषधउद्योग कसा घडला, कुठे अडला

१/ १९६० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात मधुमेहाच्या एका औषधावरून खटला उभा राहिला. औषधाचे नाव टोल्ब्युटामाइड. वादी जर्मनीची हेक्स्ट कंपनी, प्रतिवादी मुंबईची युनिकेम. वरवर पाहता दोन कारखानदारांचा तंटा. परंतु युनिकेम ज्या पद्धतीने हे औषध बनवत होती, ती पद्धत परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत, सिद्ध झालेली होती. (धागा मोठा आहे.)

२/ दशकाच्या अखेरीस निकाल लागला तो हेक्स्टच्या बाजूने. न्यायालयाने समोर असलेल्या कायद्याचा अर्थ लावला, आणि तो कायदा होता १९११ चा, ब्रिटिश अमदानीतला. त्या कायद्याखाली एखादे औषध बनवण्याच्या पुष्कळशा वाटा एकाच पेटंटात कवेत घेता येत. मागून येणाऱ्याने जरा निराळी वाट काढली, तरी ती आधीच्याच हद्दीत पडण्याचा धोका असे.

३/ या प्रसंगातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. देशाच्या तिजोरीतून प्रयोगशाळा चालते, तेथील रसायनतज्ज्ञ नवी पद्धत बसवतात, देशातलाच कारखाना ती उचलतो, आणि देशाचाच कायदा त्याचा हात धरतो. स्वातंत्र्य मिळून वीस वर्षे होत आली होती. विज्ञानासाठी पैसा होता, माणसे होती, पंतप्रधानांचा वरदहस्त होता. तरीही साखळी एका जागी तुटलेली होती.

४/ भारताच्या विज्ञानधोरणाची कथा सहसा ४ मार्च १९५८ च्या वैज्ञानिक धोरण ठरावापासून सांगितली जाते. ठराव नेहरूकालीन गद्याचा उत्तम नमुना आहे. त्यातील अर्थशास्त्रीय मुद्दा असा : राष्ट्राची समृद्धी तंत्रज्ञान, कच्चा माल आणि भांडवल या तिहींच्या मेळावर उभी राहते. त्यांत तंत्रज्ञान पहिले, कारण नव्या तंत्राने नैसर्गिक साधनांची उणीव भरून काढता येते आणि भांडवलाची गरजही कमी करता येते.

५/ गरीब देशाच्या दृष्टीने हा विचार मोलाचा होता. भांडवल नाही, पण बुद्धी आहे. मग बुद्धीने भांडवलाची जागा काही अंशी भरून काढावी. ठरावात वैज्ञानिकांना मानाचे स्थान देण्याचे वचन आहे, शिक्षणाचा विचार आहे. नाही तो एकच शब्द : पेटंट. प्रयोगशाळेत निर्माण झालेले ज्ञान कारखान्यात वापरण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला ठराव स्पर्शही करत नाही.

६/ त्या प्रश्नाची फाइल दुसऱ्याच मंत्रालयात होती. १९५७ मध्ये वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्याकडे पेटंट कायद्याची फेरतपासणी सोपवली. त्याआधी न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या समितीने १९५० मध्ये याच विषयावर अहवाल दिला होता. त्यावर आधारलेले १९५३ चे विधेयक मात्र संसदेत तसेच विरून गेले.

७/ अय्यंगारांचा अहवाल सप्टेंबर १९५९ चा. तो आजही वाचावा असा आहे. भारतात दिल्या जाणाऱ्या पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परकीयांच्या नावे होती, आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात वापरच होत नव्हता. म्हणजे कारखाना परदेशात, माल परदेशातून, आणि इथले पेटंट केवळ इथल्या माणसाने तो माल बनवू नये म्हणून दाराला लावलेली कडी.

८/ परिणाम औषधाच्या दुकानात दिसत होता. १९६१ च्या सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉवर उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा जगातील सर्वांत महाग औषधे विकली जाणाऱ्या देशांत भारताचे नाव निघाले. जगातल्या अतिगरीब देशांपैकी एकात औषधांच्या किमती जगातल्या सर्वाधिक किमतींपैकी! आणि हे सांगणारी समिती अमेरिकेची होती, त्यामुळे तिच्यावर स्वदेशी अभिनिवेशाचा आरोप करण्याचीही सोय नव्हती.

९/ येथे पेटंटाचे दोन प्रकार समजून घेतले पाहिजेत. एक उत्पादनाचे पेटंट, दुसरे प्रक्रियेचे. फरक पंढरीच्या वाटेवरून ध्यानात येईल. आळंदीहून निघालेल्या पालखीचा मार्ग एकाने आपल्या नावावर करून घेतला, तर बाकीच्यांनी देहूहून, पैठणहून, त्र्यंबकेश्वरहून निघावे. विठ्ठल सर्वांना भेटेल. हे प्रक्रियेचे पेटंट. पण कोणी खुद्द पंढरपूरच नावावर करून घेतले, तर कोणत्याही वाटेने गेले तरी वेशीवर अडवणूक ठरलेली. हे उत्पादनाचे पेटंट.

१०/ रसायनशास्त्रात एकाच रेणूकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळदा अनेक असतात. सुरुवातीचे द्रव्य बदलावे, पायऱ्यांचा क्रम बदलावा, उत्प्रेरक बदलावा. दर वेळी काही पायऱ्या वाचतात, काही वेळा विषारी द्रावक टळतो, काही वेळा खर्च निम्म्यावर येतो. हुशार रसायनतज्ज्ञाला या खेळाची गोडी असते. मात्र त्या हुशारीला बाजारात किंमत येते ती पंढरपूर खुले असेल तरच.

११/ अय्यंगारांनी ही गोष्ट हवेतून काढली नव्हती. १८७७ च्या जर्मन पेटंट कायद्यात रसायने, औषधे आणि खाद्यपदार्थ या वस्तूंना पेटंट मिळत नसे. मिळे ते त्या बनवण्याच्या पद्धतीला. त्याच जर्मनीत रंगद्रव्यांचा आणि औषधांचा उद्योग जगाच्या अग्रभागी आला. स्वित्झर्लंडने औषधांना उत्पादन-पेटंट देण्यास सुरुवात केली ती १९७० च्या दशकात, जपाननेही त्याच दशकात, इटलीने १९७८ मध्ये.

१२/ म्हणजे ज्या हेक्स्टने मुंबईत खटला जिंकला, ती कंपनी ज्या मातीत वाढली, त्या मातीतला कायदाच अय्यंगार भारतासाठी सुचवत होते. स्वतः माडीवर पोहोचल्यावर शिडी काढून घेण्याची रीत औद्योगिक राष्ट्रांत जुनी आहे. त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. मात्र त्यांनी उपदेश केला तर तो तपासून घ्यावा.

१३/ अहवाल १९५९ चा, कायदा १९७० चा. मधली अकरा वर्षे विधेयके आली, संयुक्त समितीकडे गेली, लोकसभा विसर्जित झाल्यामुळे बाद झाली, पुन्हा आली. परकी कंपन्यांचा विरोध होता आणि तो संसदेबाहेरही चालला. अखेर पेटंट अधिनियम, १९७० मंजूर झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

१४/ या कायद्याचे हृदय म्हणजे कलम ५. अन्न, औषध आणि रासायनिक द्रव्य यांच्या बाबतीत वस्तूला पेटंट नाही, केवळ प्रक्रियेला. औषधाच्या प्रक्रिया-पेटंटाची मुदत अर्जापासून सात वर्षे किंवा मंजुरीपासून पाच वर्षे, यांत जी आधी संपेल ती. जुन्या कायद्यात ती सोळा वर्षे होती आणि वाढवूनही मिळे. ठरावातील भारदस्त परिच्छेदांनी जे साधले नाही, ते या रूक्ष कलमाने साधले.

१५/ इथवरची कथा अनेकांना ठाऊक असते, आणि बहुतेकांची इथेच संपते : कायदा बदलला, उद्योग उभा राहिला. ही मांडणी सोयीची आहे, पण अपुरी आहे. ब्राझीलचे उदाहरण तिच्या आड येते.

१६/ ब्राझीलने औषधाच्या वस्तूवरील पेटंट १९४५ मध्येच काढून टाकले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रक्रियेवरीलही. भारताहून कितीतरी पुढची पायरी. तरीही तिथे भारतासारखा औषधउद्योग उभा राहिला नाही. बाजार परकी कंपन्यांच्या हाती आणि मूळ औषधद्रव्य आयातीचे, असेच चित्र राहिले. कुलूप काढले म्हणून कोणी घरात शिरतोच असे नाही. शिरणारा माणूस तयार असावा लागतो.

१७/ भारतात तो तयार होता, कारण त्याची जडणघडण कायद्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. मुंबई विद्यापीठाचे रासायनिक तंत्रज्ञान खाते, जुन्या लोकांच्या तोंडी ‘यूडीसीटी’, १९३३ मध्ये निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले. देश प्रजासत्ताक होण्यास अजून तेवीस दिवस होते. यूडीसीटीचे के. वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

१८/ वेंकटरामन मूळचे रंगद्रव्यांचे अभ्यासक. रंग आणि औषध यांचे रसायनशास्त्र एकमेकांना लागून असते. जर्मनीतही हीच वाट होती. मुंबई-पुण्याच्या या दोन संस्थांतून कार्बनी संश्लेषणात मुरलेल्या तरुणांची एक पिढी बाहेर पडली. त्यांत गुंटूरकडून आलेले दोघे होते. एक ए. व्ही. रामराव, दुसरे के. अंजी रेड्डी. दोघांचीही नावे पुढे येणार आहेत.

१९/ तिसरा धागा पिंपरीचा. हाफकिनचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांचा आग्रह होता की प्रतिजैविके देशात आणि सरकारी मालकीच्या कारखान्यात बनावीत. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले, आणि १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुणे-मुंबई रस्त्यावरची ‘एच. ए.’ ती हीच. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले.

२०/ पिंपरी ही केवळ भट्टी नव्हती. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तिथे संशोधन विभाग होता. १९६० च्या सुमारास तिथे बुरशीजन्य विकारांवर चालणारे हॅमायसिन हे नवे औषध सापडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची जाऊन बसली : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. सरकारी कारखान्यांची टिंगल करताना एवढी एक नोंद आठवणीत असावी.

२१/ १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. ऋषीकेशला प्रतिजैविके, हैदराबादला संश्लेषित औषधे. आयडीपीएल नफ्यात कधी फारशी रमली नाही. परंतु हैदराबादच्या कारखान्याने एक काम नकळत केले : मोठ्या टाकीत रसायन कसे हाताळावे हे शेकडो तरुणांना शिकवले. पुस्तकातील विक्रिया चंचुपात्रात जमणे निराळे आणि हजारो लिटरच्या भांड्यात जमणे निराळे.

२२/ १९७२ मध्ये कलम ५ अमलात आले तेव्हा ही माणसे पस्तिशीच्या आसपास होती. पुण्यातून १९६९ मध्ये पीएच.डी. झालेले अंजी रेड्डी आयडीपीएलमध्ये लागले, काही वर्षांनी बाहेर पडले, भागीदारीत कारखाने चालवले आणि १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पहिले उत्पादन रक्तदाबावरचे मिथिलडोपा. त्यांच्यासारख्या अनेकांनी आयडीपीएलचा अनुभव शिदोरीसारखा बरोबर नेला, आणि हैदराबादच्या भोवती औषधांची वसाहत उभी राहिली.

२३/ मुंबईच्या बाजूला सिप्ला होती. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेली. पुण्याची प्रयोगशाळा आणि सिप्ला यांनी मिळून १९८४ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे देशात आणली. ती निघतात सदाफुलीपासून. अंगणात, तुळशीच्या शेजारी, कोणी मुद्दाम पाणी घालत नाही तरी फुलणारी ती सदाफुली. पानांत या द्रव्यांचे प्रमाण अत्यल्प असते. ढिगाऱ्यातून चिमूट काढण्याची कला हेच खरे संशोधन.

२४/ या घटनेत तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. करदात्यांच्या पैशाची प्रयोगशाळा, जोखीम घेणारा खासगी कारखाना, आणि त्या दोघांना एकत्र येऊ देणारा कायदा. हाफकिन आणि युनिकेम यांच्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी नव्हती म्हणून ते न्यायालयात हरले.

२५/ पुढचा अध्याय जगाला माहीत आहे. रामराव हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. तिथे एझेडटी या एचआयव्हीवरील औषधाची स्वस्त प्रक्रिया बसवण्यात आली, आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सिप्लाने ते बाजारात आणले. तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

२६/ फेब्रुवारी २००१ मध्ये गेले. तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देण्याची तयारी सिप्लाचे युसुफ हमीद यांनी दाखवली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत माणसे मरत होती ती औषध नसल्यामुळे नव्हे. औषध होते, ते परवडत नव्हते.

२७/ यातली एक बाब क्वचितच सांगितली जाते. ती तीन औषधे तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची होती. उत्पादन-पेटंट असलेल्या देशात ती तिन्ही एका गोळीत घालायची तर तिघांची संमती हवी. भारतात ती अडचणच नव्हती. दिवसातून दोनदा घ्यायची एकच गोळी, ही सोय रुग्णासाठी किमतीइतकीच महत्त्वाची होती, आणि तीसुद्धा कलम ५ चीच देणगी होती.

२८/ आक्षेप असा घेतला जातो की ही उसनवारी होती. दुसऱ्याने कोट्यवधी खर्चून शोधलेला रेणू भारताने फुकट वापरला. आक्षेपात तथ्याचा अंश आहे. शोधाला मोबदला हवा, नाहीतर शोध लागणार नाहीत. पण मोबदला किती काळ आणि कोणाच्या खिशातून, हे प्रत्येक राष्ट्र आपापल्या स्थितीप्रमाणे ठरवत आले आहे. जर्मनीने ठरवले, स्वित्झर्लंडने ठरवले. भारताने ठरवले तेव्हाच ती चोरी कशी झाली, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून मिळत नाही.

२९/ या यशाच्या खऱ्या उणिवा निराळ्या आहेत. वाट बदलण्यात पारंगत झालेल्या उद्योगाने नवे तीर्थ शोधण्याचा उत्साह कमी दाखवला. संपूर्णपणे भारतात जन्मलेली, जगभर वापरली जाणारी नवी औषधे बोटांवर मोजण्याइतकी. आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूला जाऊन तिथल्या तलावांचा, विहिरींचा इतिहास विचारावा. स्वस्त औषधाची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनीही मोजली आहे.

३०/ सर्वांत मोठी उणीव मात्र पिंपरीत दिसते. पेनिसिलिनची साखळी अशी : बुरशी टाकीत वाढवायची, तिच्यापासून पेनिसिलिन-जी मिळवायचे, त्यातून एक मधले द्रव्य काढायचे आणि त्यापासून अँपिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन बनवायचे. गावोगावच्या औषधाच्या दुकानात रोज विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचे मूळ त्या टाकीत आहे. एके काळी या टाक्या भारतात होत्या. मग एकेक करून त्या थंड पडल्या आणि पेनिसिलिन-जी चीनमधून येऊ लागले.

३१/ ज्या धोरणाने संश्लेषित औषधांत देशाला जगज्जेते केले, ते पेनिसिलिनमध्ये का हरले? उत्तर कलम ५ च्या स्वरूपातच आहे. ते कलम पेटंटाला वळसा घालण्याची मुभा देते. पेनिसिलिनपुढे वळसा घालावा असे पेटंटच नव्हते. पंढरपूर मोकळे होते. प्रश्न होता कोण किती स्वस्तात आणि किती माणसे पोहोचवतो, एवढाच.

३२/ किण्वनाचा धंदा रसायनतज्ज्ञाच्या चातुर्यावर कमी आणि चिकाटीवर जास्त चालतो. बुरशीचा वाण वर्षानुवर्षे निवडत सुधारावा लागतो. टाक्या प्रचंड लागतात. साखर आणि वीज स्वस्त आणि अखंड लागते. चीनने या सगळ्यात सरकारी बळ ओतले. भारतात त्याच काळात सरकारचे लक्ष पिंपरीवरून उडाले होते. १९९७ मध्ये ‘एच. ए.’ आजारी उद्योग म्हणून औद्योगिक पुनर्रचना मंडळाकडे गेली.

३३/ इथे १९५८ च्या ठरावाला न्याय द्यावा लागतो. किण्वनाला जे हवे होते ते ठरावातच होते : राज्यसंस्थेने दीर्घकाळ, फळाची घाई न करता, संशोधनाला दिलेला आधार. पण ठरावाला अंदाजपत्रकाचे हातपाय फुटले नाहीत. आजही देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे, चीनचा २.४ टक्क्यांच्या वर. कलमाला पैसे लागत नाहीत, म्हणून कलम पार पडले. वाणाला लागतात, म्हणून वाण मागे राहिला.

३४/ दरम्यान कलम ५ ही इतिहासजमा झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताने औषधांना उत्पादन-पेटंट देणे मान्य केले. संसदेने त्यातही एक बारीक फट ठेवली, कलम ३(ड) : जुन्याच रेणूचे किरकोळ रूपांतर करून नवे पेटंट मिळणार नाही. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिस हरली. मुंबईतल्या जुन्या खटल्याच्या तुलनेत बाजू पूर्ण पालटली होती, आणि पालटली ती कायदा लिहिणाऱ्यांमुळे.

३५/ फाइली वेगवेगळ्या टेबलांवर ठेवण्याची सवय मात्र गेली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा, आणि पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवल्यावर ती कंपनीही विकण्याचा निर्णय घेतला. २०२० मध्ये महासाथीत चीनकडून येणारा पुरवठा अडखळला, तेव्हा त्याच केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्ये देशात बनावीत म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना काढली. यादीत ठळक नाव होते पेनिसिलिन-जी.

३६/ चार वर्षांच्या अंतराने घेतलेले हे दोन निर्णय एकमेकांना ओळखत नाहीत. पहिला हिशेबाचा होता, आणि तोट्यातल्या कंपनीचा हिशेब म्हणून चूकही नव्हता. पण १९५५ पासून साठलेले किण्वनाचे ज्ञान, वाण सांभाळणारी माणसे आणि त्यांच्या नोंदवह्या यांना ताळेबंदात रकाना नसतो. जमिनीला असतो.

३७/ २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ या योजनेतून उभ्या राहिलेल्या एका खासगी कारखान्यात पेनिसिलिन-जीचे उत्पादन सुरू झाले. टाक्या नव्या आहेत, यंत्रे उत्तम आहेत. त्यांतल्या बुरशीची गाठ आहे ती चीनमध्ये तीन दशके खुराक देऊन पोसलेल्या बुरशीशी. आणि सरकारी प्रोत्साहनाची मुदत ठरावीक वर्षांची आहे.